कोठारेसाहेबांची खुर्ची

लालबागच्या त्या मिलमध्ये कोणाची नोकरी गेली तर 'नोकरी गेली' असं म्हणायची पद्धत नव्हती. 'त्याला खुर्ची मिळाली,' असं म्हणत, आणि तेही आवाज उतरवून, घरात देवी निघाल्यावर बोलतात तसं.

त्याचं कारण असं. मिलचे मॅनेजर अच्युतराव कोठारे हे ठाकुरद्वारच्या जुन्या प्रभू घराण्यातले. माणूस सभ्य. आवाज कधी चढला नाही, झाडूवाल्यालाही कधी 'अरे' म्हटलं नाही. पूर्वी त्यांच्या खोलीत गेलेला कामगार उभाच राहायचा. पण एकदा एका म्हाताऱ्या विणकराच्या हातात त्यांनी कमी केल्याचं पत्र ठेवलं आणि म्हातारा जागच्या जागी कोसळला. टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून खोक पडली, महिनाभर अंथरुणाला खिळला. कोठारेसाहेबांना ते फार लागलं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला, की वाईट बातमी माणसाने बसून ऐकावी. भिंतीशी एक वेताची खुर्ची ठेवली. कोणाला पत्र द्यायचं असलं की पट्टेवाला शामराव ती टेबलासमोर ओढून आणायचा. फरशीवर तिचे पाय करकरले की बाहेरचे कारकून माना खाली घालायचे, आणि ज्याला बोलावलंय तो पोचायच्या आधी बातमी विणकामाच्या साचेखात्यापर्यंत गेलेली असायची.

भल्या माणसाच्या भलेपणाचं कधी कधी असं होतं. साहेबांनी दयेपोटी खुर्ची ठेवली, आणि तीन हजार माणसं एका वेताच्या खुर्चीला वाघाला भ्यावं तशी भ्यायला लागली.

आता हेच साहेब कोणाला चांगलं म्हणायलाही बोलवत असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ते त्यांच्या डोक्यातच नव्हतं. चांगलं काम करायचं म्हणूनच तर पगार देतात, त्यात बोलून दाखवायचं काय, असा त्यांचा सरळ हिशोब. एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'शाबास' ऐकलेला माणूस मिलमध्ये नव्हता. त्यामुळे साहेब दुसऱ्या कशासाठी बसायला सांगू शकतील, हे कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

रामदास घाडीच्या तर नव्हतंच नव्हतं.

रामदास बॉयलरखात्याचा मुख्य माणूस. मूळचा मालवणकडचा, वय चव्वेचाळीस, अंगाने काटकुळा, स्वभावाने भित्रा. तीन बॉयलर त्याच्या हाताखाली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मिलचा भोंगा त्याच्या हातात. बॉयलरखात्याच्या खांबाजवळ एक साखळी लोंबत होती. ती ओढली की वर छपरावर वाफ सुटायची आणि भोंगा वाजायचा. सकाळी सातला, जेवणाच्या सुट्टीला अकराला, आणि मग पाळी सुटताना. एकोणीस वर्षं रामदासने तो वाजवला, पण एकदाही मिनिटभर इकडे-तिकडे झाला नाही. आसपासच्या चाळींतल्या बायका त्या भोंग्यावर चुलीवरचा भात चढवायच्या नि उतरवायच्या. 'घाडीचा भोंगा' असंच म्हणायच्या. कोणी तसं म्हटलं की रामदास लाजून हसायचा, पण मनातून त्याला वाटायचं, कधीतरी साहेबांनीही एवढं म्हणावं. नुसतं 'घाडी, भोंगा बरोबर वाजतो हो.' बस, एवढंच.

त्याच्या हाताखाली भट्टीत कोळसा मारणारा फायरमन होता लहू, वरळी कोळीवाड्यातला. घरची होडी भावाकडे, आणि हा मिलमध्ये. छाती दरवाजासारखी, तोंड फटकळ, आणि भीती म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. बारा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं. रामदासचा भात आणि लहूची कालवणं.

जानेवारी छप्पनमधल्या त्या आठवड्याबद्दल इथे वेगळं सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर ऐकलं आणि गिरणगाव पेटलं. रस्त्यात दगड, वर लाठ्या, मग गोळ्या. किती माणसं गेली याचा आकडा प्रत्येक चाळीत वेगळा होता.

बुधवारी मिल चालू होती, म्हणजे मालकाने चालू ठेवली होती. सकाळी दहाच्या सुमाराला लहू गेटवर पाणी प्यायला गेला आणि परत आला तो तोंडाला कुलूप लावून. त्याच्या गल्लीतला, त्याच्यासोबत दर्यावर गेलेला एक माणूस नाक्यावर गोळी लागून पडला होता. लहू सरळ खांबापाशी गेला आणि सबंध अंगाचा भार टाकून साखळीला लोंबकळला.

भोंगा अवेळी वाजला आणि वाजतच राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. साचे थांबले. माणसं बाहेर धावली. शेजारच्या मिलनेही भोंगा दिला, मग तिच्या पलीकडच्या. अर्ध्या तासात सगळा रस्ता माणसांनी भरला.

रामदास खांबापासून पाच हातांवर उभा होता. त्याने लहूला अडवलं नाही. अडवावं असं वाटलंही नाही, कारण त्या क्षणी त्याचीही छाती भरून आली होती. साखळी सोडून लहू वळला आणि म्हणाला, "तू बघलं नाय, घाडी." आणि लोकांबरोबर निघून गेला.

मग रामदासच्या लक्षात आलं, की मिल थांबली पण बॉयलर थांबलेले नाहीत. वाफ घेणारं कोणी उरलं नव्हतं, भट्ट्या भडकलेल्या, आणि वाफेच्या दाबाचे तिन्ही काटे वर चढत चाललेले. बाकीची माणसं केव्हाच पळाली होती. रामदास एकटाच भट्टीतले निखारे ओढायला लागला. दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या हातातला लांब आकडा हिसकावून घेतला. लहू गेटपासून परत आला होता. "तू एकला मरशील हितं," एवढंच म्हणाला. दोघांनी मिळून तिन्ही भट्ट्या रिकाम्या केल्या. लहूच्या हाताला कोपरापर्यंत फोड आले. बॉयलर फुटला असता तर अर्धी मिल आणि मागची चाळ गेली असती.

हे कोणी पाहिलं नाही, असं दोघांना वाटत होतं.

चार दिवसांनी मिल पुन्हा सुरू झाली आणि चौकशी आली. भोंगा कोणी वाजवला? पोलिसांचा एक अंमलदार टाइम ऑफिसात बसून एकेकाला विचारत होता. रामदासने सांगितलं, "मी खाली पंपाकडे होतो साहेब. बाहेरची माणसं आत घुसली होती, त्यांतल्या कोणी ओढली." अंमलदाराने लिहून घेतलं आणि अंगठ्याऐवजी सही करता येते का, असं विचारलं. रामदासने सही केली. सही करताना नाव दोन ओळींत गेलं.

त्यानंतर पाच आठवडे रामदास जिवंत होता एवढंच. ज्याने भोंगा वाजवला त्याची नोकरी तर जाईलच, वर तो आत जाईल, आणि ज्याने खोटी सही केली तोही जाईल, हे त्याने स्वतःच स्वतःला रात्रंदिवस सांगितलं. शामराव नुसता बॉयलरखात्यावरून गेला तरी तो हातातलं काम सोडून दाराकडे बघत राहायचा. घरी बायको रखमा विचारायची, "काय झाला तुमका? ताट तसाच ठेवलात." तो म्हणायचा, "भूक नाय." लहूला मात्र काही नव्हतं. तो कालवणाची वाटी पुढे सरकवत म्हणायचा, "जेव रं. पाच आठवडे गेले, आता कोण इचारतंय?"

आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता, शामराव बॉयलरखात्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"घाडी, साहेबांनी बोलावलंय."

रामदासने विचारू नये ते विचारलं. "खुर्ची?"

शामराव सहसा उत्तर द्यायचा नाही. या वेळी त्याने मान हलवली. "ओढून ठेवलीय. आणि चहा सांगितलाय."

चहा! आजवर ज्यांना खुर्ची मिळाली त्यांना चहा मिळाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. रामदासचं धाबं दणाणलं. साध्या काढण्याला नुसती खुर्ची पुरते. चहा पाजायचा म्हणजे बाहेर पोलीस यायला वेळ लागणार असेल, तोवर माणसाला बसवून ठेवायचं असेल. लहू भट्टीसमोर वाकलेला होता, त्याने काही ऐकलं नाही. रामदासने त्याला हाक मारली नाही. कपाळाचा घाम पुसला, तर काळा हात कपाळावर उमटला. मग शामरावच्या मागून निघाला.

साचेखात्यातून जाताना दोन्ही बाजूंची माणसं मान वळवून पाहत होती. एका जुन्या जॉबर-मुकादमाने नुसते हात जोडले, मयताला जोडतात तसे. रामदास मनात मोजत होता. खोलीचं भाडं. गावची आई. थोरलीचं जमत आलेलं लग्न. बाप तुरुंगात म्हटल्यावर कोण करून घेणार होतं तिला?

कोठारेसाहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर तपकिरी कागदात बांधलेलं काहीतरी चौकोनी ठेवलेलं, आणि एक लिहिलेला कागद पालथा घातलेला. समोर ती खुर्ची.

"बसा, घाडी," साहेब म्हणाले.

तो बसला. शामरावने चहाचा कप ठेवला आणि दार लोटून घेतलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. घसा खाकरला. पालथ्या कागदाचा कोपरा उचलून पाहिला आणि परत ठेवला. त्यांच्या कपाळावरही घाम होता, पण रामदासला आता दुसऱ्याचं कपाळ दिसत नव्हतं.

"चहा घ्या," साहेब म्हणाले.

रामदासने कप उचलला. बशी खडखडली, म्हणून परत ठेवला.

"मी हे… यापूर्वी कधी केलेलं नाही," साहेब म्हणाले. "त्यामुळे सुरुवात कशी करावी ते… असो. त्या बुधवारची गोष्ट आहे."

आणि ते पुन्हा थांबले. शब्द शोधत राहिले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते हेच. अजून साहेबांनी काही विचारलं नव्हतं. आणखी अर्धं मिनिट रामदास गप्प बसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ते अर्धं मिनिट त्याच्याने निघेना. पाच आठवडे जे गळ्यात अडकून होतं ते एकदम वर आलं, आणि तो खुर्चीवरून खाली घसरून साहेबांच्या पायांकडे वाकला.

"साहेब, मी नाय ओढली साखळी! आईची शपथ! मी नुसता उभा होतो. लहूने ओढली. लहू कोळ्याने. मी त्याला थांबवायला पाहिजे होतं, चुकलो, खोटी सही केली ती पण चुकलो, पण ओढली त्याने साहेब, मी नाय. माझ्या पोरीचं लग्न आहे…"

कोठारेसाहेब उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वाकून रामदासच्या दंडाला धरलं आणि त्याला परत खुर्चीत बसवलं.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं, घाडी," ते हळूच म्हणाले. "मी ते विचारतच नव्हतो."

रामदासला कळेना.

साहेबांनी पालथा कागद सुलटा केला आणि त्याच्यापुढे सरकवला. रामदासला वाचता येत होतं, सावकाश. वर मिलचं नाव होतं. खाली त्याचं. मग लिहिलं होतं, की एकोणीस वर्षं नेमाने सेवा केल्याबद्दल, आणि अठरा जानेवारी रोजी सर्व जण निघून गेल्यावरही जिवाची पर्वा न करता बॉयलर सुरक्षित ठेवल्याबद्दल, व्यवस्थापन श्री. रामदास घाडी यांचे मनःपूर्वक कौतुक करीत आहे.

प्रकार असा होता. दंगलीनंतर मालक शेठजींनी आपल्या सगळ्या मिलच्या मॅनेजरांना बोलावून सांगितलं होतं, की तुम्ही माणसांशी कधी गोड बोलत नाही म्हणून माणसं बिथरतात. दर महिन्याला एक चांगला कामगार निवडा, त्याला बोलवा, बसवा, चहा पाजा, चार चांगले शब्द बोला, काहीतरी हातात द्या. कोठारेसाहेबांना ते जमण्यातलं नव्हतं. पण त्या बुधवारी त्यांनी वरच्या खिडकीतून बॉयलरखात्याच्या दाराबाहेर निखाऱ्यांचे ढीग पडताना पाहिले होते, आणि पहिलं नाव त्यांनी घाडीचं लिहिलं होतं. चार रात्री बसून त्यांनी हा मजकूर तयार केला होता. बसवायचं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे हीच खुर्ची आली, कारण खोलीत दुसरी नव्हती. लोक त्या खुर्चीला काय म्हणतात हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"साहेब," रामदास म्हणाला. "मी बोललो ते नाय ऐकलं असं समजा. पाया पडतो."

"नाही समजता येत. कळत नव्हतं तोवर ठीक होतं. आता कळलं. पोलीस अजून विचारतात, आणि मी या मिलचा मॅनेजर आहे." साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "तुमच्या आधीच्या सहीचं मी पाहून घेईन. तुमचं नाव यात येऊ देणार नाही. पण एक आहे. उद्या सकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. तो माणूस निघून गेला तर मग तुमचंही मला काही करता येणार नाही. लक्षात येतंय ना?"

लक्षात येत होतं. लहू परत आला होता, फोड त्याच्या हातांना आले होते, हे सांगायला रामदासने तोंड उघडलं. आणि मिटलं. साहेबांना आणखी काही सांगायची त्याला आता भीती वाटत होती.

मग साहेबांनी जे केलं ते विचित्र होतं, पण त्यांना दुसरं काही सुचलंही नसेल. त्यांनी तो कागद उचलला आणि उभ्या-उभ्या सगळा वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, शाळेतल्या बक्षीस समारंभात वाचतात तसा. सही केली. तपकिरी कागदातलं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. आणि हात पुढे करून म्हणाले, "शाबास, घाडी."

एकोणीस वर्षं रामदास या शब्दाची वाट पाहत होता. तो आता आला, आणि कशाबद्दल आला हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

बाहेर कारकून उठून उभे होते. खुर्चीत बसलेला माणूस कागद आणि घड्याळ घेऊन बाहेर येतो, हे आजवर घडलं नव्हतं. शामरावने कागद त्याच्या हातातून घेऊन मोठ्याने वाचला, आणि बातमी अंगणभर झाली. साचेखात्यातून जाताना लोक पाठीवर थापा मारत होते. ज्याने हात जोडले होते तो जॉबर ओरडला, "अरे, खुर्चीचे दिवस फिरले! आता खुर्ची म्हणजे बक्षीस!" सगळे हसले. रामदासही हसला. हसणं भाग होतं.

लहूने तर त्याला घड्याळासकट उचलून धरलं.

संध्याकाळी दिवेलागणीला तो बायकोला, सोनूबाईला, घेऊन रामदासच्या खोलीवर आला. सोनूबाईच्या टोपलीत ताजे सरंगे मासे होते. "भाऊजी, हे तुमच्या घड्याळाचं तोंड गोड करायला. आमचं गोड म्हणजे म्हावरं," ती म्हणाली, आणि रखमा किती दिवसांनी मोकळी हसली. घड्याळ फळीवर मांडलं होतं. चाळीतली माणसं येऊन पाहून जात होती.

लहू पाट घेऊन रामदासजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेबाला सांगितलंस का रं? निखारे ओढायला मी पण होतो ते? माझं नाव घेतलंस?"

रामदासने खाली पाहिलं. लहूच्या मनगटावर भाजल्याचे पांढरे डाग होते.

"घेतलं," तो म्हणाला.

"मना ठाऊक होतं!" लहूने त्याच्या मांडीवर थाप मारली. "आपला घाडी एकला खाणारा नाय. ऐकलंस का गं सोने? माझं पण नाव घेतलंय त्यानं!"

सांगायला तेव्हा सबंध रात्र होती. वरळीच्या बंदरात लहूच्या भावाची होडी होती. पहाटेच्या आत तो रेवदंड्याकडे कुठेही गेला असता, कोणाच्या बापाला सापडला नसता. रामदासला हे सगळं सुचत होतं, सुचत नव्हतं असं नाही. पण तो गेला की सकाळी साहेबांना कळणार होतं, की घाडीने तोंड उघडलं. मग सही, मग तुरुंग, मग पोरीचं लग्न. जिना उतरेपर्यंत तो लहूसोबत गेला. रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. लहू म्हणाला, "जा आता, थकलास." आणि तो परत आला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शामराव आला.

"लहू, साहेबांनी बोलावलंय." आणि या वेळी तो स्वतःच हसून म्हणाला, "खुर्ची ओढून ठेवलीय बरं का."

लहूने हातातलं फावडं टाकलं. बॉयलरखात्यातल्या माणसांनी आरोळी दिली. "एक दिवस पण थांबले नाय बघ साहेब!" कोणीतरी म्हणालं. लहूने गरम पाण्याची बादली घेतली आणि साबण लावून तोंड धुतलं, कानामागे, मानेवर, जसा कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला धुवायचा. अंगातला गंजिफ्रॉक काळा होता म्हणून एकाने त्याला आपला शर्ट दिला. तो छातीवर बसेना, तेव्हा वरची दोन बटणं उघडीच ठेवली.

दाराच्या फटीतून रामदासला ऑफिसचा जिना दिसत होता. जिन्याखाली दोन माणसं विड्या ओढत उभी होती. साधे कपडे, पण पायांत जाड काळे बूट होते.

"घाडी, तुझी टोपी दे," लहू म्हणाला.

रामदासने डोक्यावरची टोपी काढून दिली. लहूने ती सारखी केली. मग जवळ येऊन, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो जरा घाबरल्यासारखा दिसत होता.

"तू जाऊन आलास म्हणून इचारतो. साहेब बसा म्हणाला, की लगेच बसायचं का? का जरा थांबायचं? आपल्याला माहीत नाय ना हे."

हीच वेळ होती. मागचं दार उघडं होतं, कोळशाच्या आवारातून बाहेर पडायला वीस पावलं. रामदासने लहूकडे पाहिलं. जिन्याकडे पाहिलं.

"लगेच बस," तो म्हणाला.

लहू अंगण ओलांडून गेला. साचेखात्याच्या दारातून लोक त्याला हाका मारत होते, आणि तो हात वर करून सगळ्यांना हसत होता. त्या दोन माणसांच्या मधूनच तो जिना चढला. त्यांनी त्याला वाट दिली आणि मग त्याच्या मागून वर गेले.

रामदास खांबापाशी जाऊन उभा राहिला. वर कुठेतरी फरशीवर खुर्चीचे पाय करकरले असतील, पण भट्ट्यांच्या आवाजात इथवर काही ऐकू येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. त्याने साखळी धरली आणि ओढली.

भोंगा वेळेवर वाजला. चाळीचाळीतून बायकांनी भात उतरवला.